मापाडी कोणी नेमायचा?

बाजार समितीत कांदा, तूर, सोयाबीन घेऊन जाणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. भाव फुटला की त्याची नजर काट्याकडे जाते. काटा कोणाचा, वजन कोण करतो, मापाडी कोणाच्या बाजूचा, हे तो आधी पाहून घेतो. भाव थोडा कमी मिळाला तरी माणूस सोसतो, पण वजनात मार बसला तर वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून मापाडी हा व्यापाऱ्याच्या घरचा माणूस नसावा, तो तिऱ्हाईत असावा, हे तत्त्व आपल्याकडे रुजले. ते सगळीकडे पाळले जाते असे नाही, हे तुम्हीही जाणता. पण तत्त्व चुकीचे आहे असे कोणी म्हणत नाही.

आता हीच गोष्ट इंटरनेटला लावून बघा. हा विषय शहरातल्या लोकांचा, आपला काय संबंध, असे म्हणण्याचे दिवस गेले. पीक पाहणी मोबाईलवर, सातबारा मोबाईलवर, फार्मर आयडी आधारला जोडलेला, अनुदान थेट खात्यात, रेशन दुकानातले यंत्र नेटवर. म्हणजे आपला निम्मा कारभार या तारेवरून चालतो. मग या तारेवर भांडण झाले तर निवाडा कोण करणार? तो निवाडा करणारा माणूस कोणी नेमला? आणि ज्याने नेमला, तो स्वतःच त्या भांडणातला पक्षकार तर नाही ना? गेल्या दहा-बारा वर्षांत दिल्लीत याच प्रश्नावर वाद चालू आहे. त्याची हकिगत आपण समजून घेऊ, कारण त्याचा शेवट थेट आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटापाशी येऊन ठेपला आहे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे नाव पुढे करून

२०१५ सालची गोष्ट. फेसबुक कंपनीने ‘फ्री बेसिक्स’ नावाची योजना भारतात आणली होती. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांना काही ठराविक संकेतस्थळे फुकट पाहता येतील, डेटाचा पैसा लागणार नाही, अशी ती योजना. तिला विरोध होऊ लागला तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात त्यांनी उदाहरण दिले ते महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे. हा शेतकरी फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, मालाचे भाव बघतो आणि त्याचा फायदा होतो, मग याला विरोध कशासाठी, असा त्यांचा सवाल होता.

फुकट ते कोणाला नको? पण त्यात मेख अशी होती की, फुकट काय दिसणार आणि काय नाही, हे त्या योजनेच्या अटी ठरवणार आणि अटी कंपनीच्या. आज एक हवामानाचे संकेतस्थळ दिसले, उद्या दुसरे आले तर त्याने कंपनीच्या दारातून आत यायचे. गावात येणारा रस्ता फुकट आहे, पण तो एकाच व्यापाऱ्याच्या गोदामापर्यंत जातो, असा हा प्रकार. बाकीच्या बाजाराला जायचे तर पैसे मोजा.

याचा निवाडा भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने केला. ट्रायने डिसेंबरात प्रश्न छापून लोकांची मते मागवली. लाखो लोकांनी उत्तरे पाठवली. फेसबुकनेही आपल्या ग्राहकांकडून तयार मजकुराची पत्रे पाठवून घेतली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने कारणांसह नियम जाहीर केला: कोणते संकेतस्थळ बघता यावरून डेटाचा दर वेगळा लावता येणार नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. सवलत फक्त आणीबाणीच्या सेवांना. कंपनीने योजना भारतातून गुंडाळली. त्या वेळी ट्रायचे अध्यक्ष होते आर. एस. शर्मा.

जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला एका भारतीय कार्यालयाने नाही म्हटले, ते कशाच्या जोरावर? कायद्याने दिलेला अधिकार होता, सुनावणी उघड झाली होती आणि निकालाची कारणे लेखी दिली होती. ही तीन गोष्टींची पुंजी आहे. मापाडी तिऱ्हाईत असला की काय होते, याचा हा चांगला दाखला.

खुर्चीचे नियम कसे बदलत गेले

पण त्याच ट्रायच्या खुर्चीची दुसरी हकिगतही ऐका. ट्रायचा कायदा १९९७ चा. त्या वेळी सरकारी टेलिफोन खाते स्वतःच सेवा विकत होते आणि खासगी कंपन्याही बाजारात उतरत होत्या. खातेच दुकानदार आणि खातेच पंच, हे बरे नव्हे, म्हणून वेगळा पंच नेमला. पुढे त्या पंचाचे निकाल सरकारला जड जाऊ लागले. जानेवारी २००० मध्ये वटहुकूम निघाला, जुने मंडळ गेले, नवे आले आणि तंटे सोडवण्याचे काम टीडीसॅट नावाच्या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे देण्यात आले.

ट्रायच्या माजी अध्यक्षाने पुढे सरकारी नोकरी करू नये, अशीही कायद्यात अट होती. कारण साधे आहे. निवृत्तीनंतर मोठी खुर्ची मिळेल या आशेवर असलेला पंच, खुर्ची देणाऱ्याच्या विरोधात निकाल देताना दहा वेळा विचार करील. मे २०१४ मध्ये नवे सरकार आले. ट्रायचे माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्रा यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव करायचे होते. ही अट आड आली. तेव्हा २८ मे २०१४ रोजी वटहुकूम काढून अट सैल करण्यात आली आणि जुलैमध्ये संसदेने तसा कायदा केला. पूर्वी कायमची बंदी होती. आता दोन वर्षांची झाली, आणि तीही केंद्र सरकारने परवानगी दिली तर नाही.

मिश्रा यांच्या कामाबद्दल इथे काही म्हणायचे नाही. माणूस लायक असेलही. पण एका माणसासाठी बांध फोडला की पाणी पुढच्या सगळ्यांसाठी वाहते.

डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. त्यात आणखी एक दार उघडले. खासगी क्षेत्रातला ३० वर्षांचा अनुभव असलेला माणूस ट्रायचा अध्यक्ष होऊ शकेल, २५ वर्षांचा अनुभव असलेला सदस्य होऊ शकेल. सरकारचे म्हणणे असे की, हा धंदा तांत्रिक आहे, त्यातली जाण असलेली माणसे हवीत. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण ज्या कंपन्यांचे वजन करायचे, त्यांच्याच पेढीवर ३० वर्षे बसलेला माणूस काट्यापाशी आला, तर नजर ठेवणारे दुसरे कोणी हवे की नको? ते ‘दुसरे कोणी’ कायद्यात सापडत नाही. नेमणूक शेवटी केंद्र सरकारच्याच हातात.

नेट बंद करणारा आणि तपासणारा

आता जवळचा अनुभव घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या भागात काही तास इंटरनेट बंद ठेवण्यात आले. अफवा पसरू नयेत, शांतता राहावी, हा हेतू असतो आणि कधी तशी गरजही पडते. पण नेट बंद म्हणजे सेवा केंद्र बंद, फोनवरचे पैसे बंद, रेशनचे यंत्र बंद, बाजारभाव बंद. शेतकऱ्याचे नुकसान कोणत्या पंचनाम्यात येत नाही.

असा आदेश राज्यात कोण देतो? गृह खात्याचे सचिव. तो आदेश बरोबर होता का, हे कोण तपासतो? एक समिती. तिचे अध्यक्ष मुख्य सचिव, सोबत विधी खात्याचे सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या खात्याचे एक सचिव. समितीने पाच दिवसांत आदेश तपासायचा असतो. म्हणजे एका सचिवाचे काम दुसऱ्या सचिवांनी तपासायचे. बाहेरचा कोणी नाही, निवृत्त न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा माणूस नाही. घरचे भांडण घरातच मिटवावे हे खरे, पण इथे भांडण घरातले नाही. एका बाजूला शासन आहे, दुसऱ्या बाजूला नागरिक.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात, अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर, स्पष्ट सांगितले आहे की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. आपल्या तालुक्यात पुढे कधी नेट बंद झाले, तर आदेशाची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे, एवढे ध्यानात ठेवा.

खरे काय ते कोण ठरवणार?

मुंबई उच्च न्यायालयातला एक निकालही याच वाटेवरचा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल नेटवर आलेला मजकूर खोटा आहे की दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनेच नेमलेला एक कक्ष ठरवणार होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड वगैरे मंडळी न्यायालयात गेली. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. मग प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले. न्या. अ. श. चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी हा नियम घटनेशी विसंगत ठरवला.

सरकारच्या विरोधातली बातमी खरी की खोटी, हे सरकारने ठरवायचे, म्हणजे आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश. खोट्या बातम्या हा मोठा रोग आहे यात शंका नाही. कर्जमाफीच्या, विम्याच्या किती खोट्या चिठ्ठ्या आपल्या मोबाईलवर येतात! पण औषध देणारा वैद्य कोण, हे पाहिल्याशिवाय कोणी औषध घेत नाही.

डेटाचे मंडळ

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या सहीने ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा’ झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल दिला होता. त्यातून हा कायदा निघाला. तुमचा फोन नंबर, आधार, जमिनीचा तपशील, बँकेचे खाते, हे सारे कोणी गोळा केले, कशासाठी वापरले, सांडले तर जबाबदार कोण, याचे नियम या कायद्यात आहेत. कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कर्ज देणाऱ्या मोबाईल ॲपनी लोकांचे नंबर उचलून नातेवाइकांना धमक्या दिल्याचे प्रकार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा कायद्याची गरज पटवून द्यावी लागत नाही.

दंड कोण करणार? डेटा संरक्षण मंडळ. मंडळ कोण नेमणार? इथे जरा मागे जाऊन पाहावे लागेल.

या कायद्याचा पहिला मसुदा न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये दिला. हे तेच श्रीकृष्ण, ज्यांनी १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी केली. त्यांच्या मसुद्यात निवड समितीचे प्रमुखपद सरन्यायाधीशांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या न्यायमूर्तींकडे होते. २०१९ च्या विधेयकात न्यायमूर्ती गेले आणि तिन्ही जागा केंद्राच्या सचिवांना मिळाल्या. २०२३ च्या कायद्यात निवड कशी करायची हे लिहिलेच नाही, ते नियमांवर सोडले. १३ नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी ते ठरवले. अध्यक्ष निवडण्याच्या समितीचे प्रमुख केंद्राचे कॅबिनेट सचिव. सदस्य निवडण्याच्या समितीचे प्रमुख माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव. सोबत विधी खात्याचे सचिव आणि दोन तज्ज्ञ, तेही सरकारने नेमलेले. निवडलेल्या माणसाची मुदत फक्त दोन वर्षे, आणि पुन्हा नेमणूक होऊ शकते.

वाचकहो, दोन वर्षांची मुदत आणि पुन्हा नेमणुकीची आशा, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पहा. हंगामी गड्याला मालकाच्या विरोधात साक्ष द्यायला सांगण्यासारखे आहे हे. आणि शासन या बाबतीत लहान पक्षकार नाही. देशात नागरिकांची सर्वात जास्त माहिती कोणाकडे असेल तर ती शासनाकडे. अनुदान, लाभ, दाखले यांसाठी ती वापरताना दर वेळी तुमची संमती घेण्याचे बंधन शासनावर नाही. काही शासकीय यंत्रणांना तर अधिसूचना काढून कायद्यातून पूर्ण सूट देता येते. उद्या शेतकऱ्यांच्या नोंदींचा गठ्ठा एखाद्या सरकारी यंत्रणेतून बाहेर गेला, तर केंद्राविरुद्ध निकाल कोण देणार? केंद्राच्या सचिवांनी निवडलेले मंडळ.

आणखी एक गोष्ट. दंड झाला तरी ती रक्कम सरकारी तिजोरीत, भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती सांडली त्याला त्यातला पैसाही मिळत नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, कलम ४३-अ मध्ये, नुकसानभरपाईची सोय होती. तीही हा कायदा पूर्ण लागू झाला की जाणार आहे. पीक बुडाले तर विम्याची रक्कम विमा कंपनीच्या दंडातून सरकारने घ्यायची आणि शेतकऱ्याने कोरडाच राहायचे, असे कोणी म्हटले तर आपण काय म्हणू?

ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत

इथपर्यंतचे भांडण दिल्लीचे वाटेल. पुढचे आपल्या गावातले आहे. याच कायद्याच्या कलम ४४ ने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले एक पोटकलम बदलले. ते म्हणजे ८ (१) (ञ), ज्याला इंग्रजीत ‘जे’ म्हणतात.

जुने पोटकलम असे होते: एखाद्याची वैयक्तिक माहिती, जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे खासगीपणावर विनाकारण घाला येतो, ती देऊ नये, पण मोठे जनहित असेल तर द्यावी. सोबत एक सुंदर वाक्य होते, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे आमदाराला जे कळू शकते ते गावच्या मजुरालाही कळू शकते. नव्या पोटकलमात हे सारे गेले. आता एवढेच राहिले की वैयक्तिक माहिती देण्याचे बंधन नाही.

आणि तारखा बघा. डेटा कायद्यातली कंपन्यांवरची मुख्य बंधने नोव्हेंबर २०२५ पासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. माहितीच्या अधिकारातला हा बदल मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच, लगेच लागू झाला. कंपनीच्या दाराला कुलूप दीड वर्षाने, आणि जनतेच्या दाराला त्याच दिवशी.

याने काय बिघडते? घरकुलाची यादी नावांची असते. ठिबकच्या अनुदानाची यादी नावांची असते. रोजगार हमीच्या हजेरीपटावर नावेच असतात. विहिरीचे बिल कोणाच्या नावाने निघाले, अतिवृष्टीचे पैसे कोणाच्या खात्यात गेले, ठेकेदार कोण, ही सगळी नावेच. नाव म्हणजे वैयक्तिक माहिती. राजस्थानात १९९४ साली मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या, तेव्हा हजेरीपट मोठ्याने वाचले गेले आणि मेलेल्यांची, गावात नसलेल्यांची नावे बाहेर आली. त्यातूनच या कायद्याची चळवळ उभी राहिली. महाराष्ट्राने तर अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच आपला स्वतंत्र कायदा केला होता. नावे झाकली तर हजेरीपटात उरते काय? नुसते आकडे. आणि आकड्यांची बेरीज नेहमीच बरोबर येते!

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरल्यावर जुने पोटकलम तसेच ठेवता येत नव्हते, आणि कलम ८ (२) अजून जागेवर आहे. ते खरे आहे. ८ (२) म्हणते की, माहिती उघड करण्यातले जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतात. शिवाय ग्रामसेवक भाऊसाहेबांचीही एक खरी तक्रार आहे. माहितीच्या अधिकाराचा धाक दाखवून पैसे उकळणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात चार-दोन आहेत. पण चार टगे वाटेवर बसतात म्हणून वाटच नांगरून टाकायची काय?

आता फरक कुठे पडतो ते बघा. पूर्वी नाकारायचे तर अधिकाऱ्याला कारण शोधावे लागे. आता नाकारणे सोपे झाले आणि देणे धाडसाचे. नाकारले की अपील वर जाते, शेवटी राज्य माहिती आयोगाकडे. म्हणजे पुन्हा नेमणुकीचाच प्रश्न आला. राज्याचे माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेते आणि एक मंत्री असतात. डेटा मंडळाच्या मानाने ही पद्धत बरी, निदान विरोधकांचा एक आवाज तरी आहे. पण २०१९ मध्ये कायदा बदलून आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. पूर्वी मुदत पाच वर्षांची होती, ती तीन झाली. आणि जागा वेळेवर भरल्या जात नाहीत ते वेगळेच. दिल्लीच्या सतर्क नागरिक संगठन या संस्थेच्या अहवालाप्रमाणे जून २०२४ अखेर महाराष्ट्राच्या आयोगाकडे एक लाखाहून अधिक प्रकरणे पडून होती. खुर्ची रिकामी ठेवणे हीही एक नेमणूकच असते, म्हणा ना. काटा आहे, मापाडी नाही, माल उन्हात पडला आहे.

आपण काय करायचे?

अर्ज करणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अर्जात नुसती ‘यादी द्या’ असे लिहू नका. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अनुदान योजनांची अंमलबजावणी, दिलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचा असतो. हे कलम बदललेले नाही. अर्जात त्याचा उल्लेख करा. जनहित काय आहे ते दोन ओळींत लिहा आणि कलम ८ (२) खाली विचार करावा अशी विनंती करा. कोणाचे आधार, फोन, बँक खाते मागू नका, त्याची आपल्याला गरजही नसते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील करता येते.

ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक आणि तलाठी यांनाही एक सांगणे आहे. नव्या पोटकलमात देण्याचे बंधन नाही, पण देऊ नका असा हुकूमही नाही. कलम १० तुमच्या मदतीला आहे. कागदातला झाकण्याजोगा भाग झाकून उरलेला देता येतो. नाव, गाव, योजना, रक्कम द्या. आधार, फोन, खाते क्रमांक काळे करा. दोन्ही कायद्यांचा मान राहील आणि तुमच्यावर बालंटही येणार नाही. नाकारायचेच असेल तर ८ (२) चा विचार केला होता हे कारणांसह लिहा. त्याहून सोपा उपाय म्हणजे लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचायची आणि फलकावर लावायची. मग अर्जही येत नाहीत आणि धाक दाखवणाऱ्यांचा धंदाही बसतो.

राहिला नेमणुकांचा प्रश्न. तो आपल्या हातातला नाही असे वाटते, पण तसे नाही. डेटा कायद्याखालचे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात आणि संसद त्यांत बदल सुचवू शकते. संसद म्हणजे आपले खासदार. ते गावात येतील तेव्हा रस्ता, सभामंडप यांच्याबरोबर तीन प्रश्न विचारा. मंडळ निवडणाऱ्या समितीत न्यायमूर्ती आणि विरोधी पक्षनेता का नाहीत? सदस्यांची मुदत दोनच वर्षे का? ज्या शेतकऱ्याची माहिती सांडली त्याला भरपाई का नाही? उत्तर आले नाही तरी प्रश्न गेला पाहिजे. ग्रामसभेचा ठराव करून पाठवला तर त्याला आणखी वजन येते.

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपले वाडवडील म्हणत. म्हणून कुंपण घालतानाच नीट बघून घ्यावे लागते. इंटरनेटचे कायदे आणखी येतील, त्यांची नावे अवघड असतील, कलमे किचकट असतील. सगळी वाचणे कोणाला जमणार नाही. पण प्रत्येक कायद्यात एक पान असे असते जिथे लिहिलेले असते की, निवाडा करणारा कोण, त्याला कोण नेमणार आणि कोण काढणार. तेवढे पान वाचा. मापाडी कोणाचा ते कळले की, वजनाचे काय होणार ते कोणी सांगावे लागत नाही.